आमची वाटचाल : जुन्या सराया, भुतं आणि आम्ही दोघं

सुरुवात उसन्या सामानावर झाली. एक रेकॉर्डर, दोन थर्मामीटर, विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा एक मीटर आणि आम्ही दोघं भागीदार. जुन्या सरायांमधून रात्र जागवायची आणि भुताटकीच्या तक्रारी तपासायच्या, एवढं ठरलं होतं. याचे पैसे कोण देणार, हे मात्र ठरलं नव्हतं.

पहिल्याच कामात फजिती. वरच्या मजल्यावर एका खोलीच्या दाराशी मीटर किंचाळायला लागला. आम्ही पहाटेपर्यंत श्वास रोखून तिथेच. सकाळी कळलं, भिंतीपलीकडे विजेचा मुख्य बोर्ड होता! फोटोत आलेले पांढरे गोळे म्हणजे लेन्ससमोरची धूळ फ्लॅशनं उजळलेली, हेही तेव्हाच शिकलो.

मग वाचन वाढवलं. विक टँडी या इंग्लंडमधल्या अभियंत्याला प्रयोगशाळेत एकदा करडी आकृती दिसली. तलवारबाजीचं पातं शेगड्यात (वस्तू घट्ट पकडणाऱ्या व्हाइसमध्ये) धरलेलं असताना आपोआप थरथरतंय म्हणून त्यानं शोध घेतला. नवा एक्झॉस्ट पंखा सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला ऐकू न येणारा आवाज करत होता. ती आकृती त्या आवाजामुळेच दिसली असावी, असं त्यानं १९९८ मध्ये मांडलं. त्यावर वाद आहेत, पण तेव्हापासून आम्ही आधी पंखे बंद करतो.

धंद्याला वळण दिलं ते एका तळमजल्यावरच्या खोलीनं. पाहुण्यांची तक्रार एकच : रात्री छातीवर कुणीतरी बसतं, सकाळी डोकं फुटतं. १९२१ मधलं विल्यम विल्मर या डॉक्टरांचं टिपण मला आठवलं. भुतानं पछाडलेल्या घरातल्या कुटुंबाला प्रत्यक्षात नादुरुस्त भट्टीतून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची बाधा झाली होती. आम्ही त्या वायूचा अलार्म आणून ठेवला. तासाभरात तो वाजला. धुरांड्यात पक्ष्यानं घरटं बांधलं होतं, म्हणून वायू खोलीतच कोंडत होता. खोली त्याच रात्री रिकामी केली. आता पिशवीतून पहिला अलार्म निघतो, बाकी सगळं नंतर.

खरी अडचण भुतांची नाही, मालकांची. निम्म्यांना भूत हवंच असतं, खोल्या भरतात ना! ‘इथे भूत आहे’ असं लिहून द्यायला आम्ही नकार दिला, तेव्हा बरीच कामं गेली. भागीदार वैतागला. पण गोष्टी आम्ही टाकून दिल्या नाहीत. प्रत्येकाला वेगळं बसवून ऐकतो, आणि पहिला प्रश्न असतो : ही गोष्ट तुम्हाला आधी कुणी सांगितली होती? बहुतेक वेळा चावी देतानाच कुणीतरी सांगितलेली असते. अहवालाला म्हणून दोन भाग, मोजमाप वेगळं आणि आख्यायिका वेगळी. मालक दुसरा भाग पाहुण्यांना शेकोटीशी वाचून दाखवतात, त्याला आमची ना नाही.

मागच्या महिन्यात एका जिन्यावर तीन रात्री पावलं ऐकू आली. पाइप, लाकूड, उंदीर, सगळं तपासलं. अहवालात लिहिलं : कारण सापडलं नाही. मालक उसळून म्हणाले, ‘‘म्हणजे आहे तर!’’ मी म्हटलं, ‘‘म्हणजे सापडलं नाही.’’ बिल मात्र त्यांनी जागच्या जागी चुकतं केलं.