दगडावर नसलेलं पुणं

"पुणं किती दूर आहे रे इथून?" आईने विचारलं. वय ऐंशीच्या पुढे, नातीकडे जायचं ठरलेलं, आणि पहिल्यांदाच विमानाने.

सोपा प्रश्न वाटला म्हणून उत्तर द्यायला गेलो आणि फसलो. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंत आकाशात सरळ रेघ ओढली तर साधारण 600 किलोमीटर. रस्त्याने 700च्या वर. आणि रेल्वेने? नागपुरातल्या अजनी स्टेशनहून सुटणारी वंदे भारत 881 किलोमीटर धावते, बारा तास घेते. ती आधी भुसावळ, मनमाड करत पश्चिमेला जाते, मग नगर-दौंडवरून खाली उतरते. नागपूर-मुंबई रेल्वेने 837. म्हणजे रुळांवरून मुंबई जवळ आणि पुणं लांब. आकाशातून बरोबर उलटं, मुंबई पुण्याहून सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब.

"असं कसं बाप्पा? गाव तर जागचं हलत नाही," आई म्हणाली.

आमच्या नागपुरात इंग्रजांच्या काळात अंतरं मोजायला उभारलेल्या झिरो माईलच्या दगडावर जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा अशी नावं कोरलेली आहेत. पुणं नाही. तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, पुण्याशी काय घेणं? आता गल्लीतल्या दर दुसऱ्या घरातलं पोट्टं हिंजवडीत आहे, आणि शिवनीला शेवटचं कधी गेलो तेही आठवत नाही.

तिकिटावर वेळ होती एक तास पंचवीस मिनिटं. आईने यावरही बोट ठेवलं. ताशी आठशेने उडणाऱ्या विमानाला 600 किलोमीटरला पाऊण तास पुरायला हवा, नाही का? (शाळेत गणित शिकवायची, त्याचा त्रास अजून सुरू आहे.) मग सांगितलं की ही वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि तिकडे जागेवर उभं राहिलं की संपते. धावपट्टीपर्यंत रखडणं, वर चढणं, खाली उतरणं, नंबर लागेपर्यंत घिरट्या, सगळं त्यात धरलेलं. वर पुण्याचा विमानतळ मुळात हवाई दलाचा, तिथे आपल्या विमानाला थांबावंही लागू शकतं.

नागपूरच्या आकाशाचं मला फार कौतुक आहे. 1949 साली रात्रीचं हवाई टपाल सुरू झालं, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांची विमानं मध्यरात्री इथे उतरायची, थैल्यांची अदलाबदल करून उजाडेपर्यंत परत जायची. सगळा देश नागपूरला येऊन जायचा. आता आम्ही पहाटे चारला उठून विमानतळावर जातो.

आईचं अंतर मात्र स्टेशनांनी मोजलेलं. वर्ध्याला चहा, बडनेऱ्याला डबा, भुसावळला केळी. त्या सवयीने सांबारवडीचा (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) डबा मांडीवर घेऊन बसली. खाली ढगच ढग. डबा उघडावा तर नेमकं काय आलंय ते कळेना, आणि कळेपर्यंत पट्टा बांधायची सूचना झाली.

"झालं? एवढ्यात?"

झालं नव्हतं. टॅक्सी वाकडला अशी अडकली की विमानाची वेळ केव्हाच मागे पडली. पुढच्या ट्रकचं मागचं वाचून वाचून पाठ झालं. तेव्हा मागच्या सीटवर झाकण उघडल्याचा आवाज आला, तळलेल्या सांबाराचा वास पसरला.

"घे," आई म्हणाली, "बडनेरा आलं."