घाटात चालते, सपाटीला अडखळते

गुरुजींची अँबॅसिडर तिसऱ्यांदा आली तेव्हा माझ्या गॅरेजातल्या बारक्यानं ती कोपऱ्यावरच ओळखली. "आली बघा मिसिंगवाली!" मार्क फोर, 1984 ची, पेट्रोल. 1489 सीसीचं ते इंजिन इतकं साधं, की बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं. त्यानं मला महिनाभर नाचवलं, हे सांगायला लाजच वाटते.

तक्रार एकच. वाई-सुरूर रस्त्याला पन्नासच्या स्पीडनं निवांत चालली असताना गाडी मध्येच फटफट करायची, दोन-तीन गचके द्यायची, की पुन्हा सुरळीत. आधीच्या मिस्त्रीनं प्लग, प्लगच्या वायरी, कॅप, रोटर, कॉइल, सगळं नवं टाकलेलं. मी त्यात भर घातली. पॉइंट (करंट तोडून ठिणगी पाडणारी जोडी) बदलून गॅप पंधरा थाऊला, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांशांना लावला. कंडेन्सर दोनदा बदलला (हल्ली नवे कंडेन्सर डब्यातूनच मेलेले निघतात, म्हणून दुसऱ्यांदा एका जुन्या गाडीचा काढून लावला). काँप्रेशन (सिलिंडरमधला दाब) घेतलं, चारही सिलिंडर पाच-सात पौंडांच्या फरकात. म्हणजे वॉल्व्ह जळलेला नाही. मग कार्बोरेटर खोलला, जेट फुंकले, किट टाकलं. गुरुजींनी मुकाट्यानं पैसे दिले. आठ दिवसांनी गाडी परत दारात.

या वेळी काकू पण बरोबर होत्या. गुरुजी माझ्याशी बोलत होते, तेवढ्यात त्या मागच्या सीटवरून म्हणाल्या, "घाटात नाही हो करत. परवा पाचगणीला गेलो, पसरणीचा घाट एका दमात चढली. खाली सपाटीला आलो की झालं सुरू."

हे त्यांनी पहिल्या खेपेलाच सांगितलं होतं. मी तेव्हा नुसती मान हलवली होती. कारण डोक्यात पक्कं बसलेलं, की करंट कमी पडत असेल तर गाडी लोडवर मिसिंग करणार. चढाला मरणार, सपाटीला नाही. इथं नेमकं उलटं होतं, आणि मी महिनाभर लोडवर मरणाऱ्या गाडीचं औषध करत होतो.

चहा मागवला आणि बसलो. हलक्या ॲक्सिलरेटरवर असं काय होतं, जे पूर्ण दाबल्यावर होत नाही? व्हॅक्यूम. कार्बोरेटरपासून डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाला, एक बारीक नळी जाते. हलक्या पायावर तिच्यात ओढ तयार होते, डिस्ट्रिब्युटरच्या डबीतला पडदा खेचला जातो आणि पॉइंट बसवलेली प्लेट थोडी फिरते, म्हणजे ठिणगी जरा लवकर पडते. ॲक्सिलरेटर दाबला की ओढ संपते, प्लेट जागेवर येते. आयडलिंगलाही ओढ नसते. म्हणून गॅरेजात उभ्या गाडीवर मला कधीच काही सापडलं नव्हतं.

नळी काढली, तिच्या तोंडात एक स्क्रू खुपसला आणि सुरूरपर्यंत वडांखालून पन्नासच्या स्पीडनं जाऊन आलो. एक गचका नाही.

परत येऊन इंजिन आयडलला ठेवलं आणि डिस्ट्रिब्युटरकडची नळी तोंडात धरून ओढली. बारक्या हसायला लागला, पण इंजिन लगेच अडखळलं. सोडली, सुरळीत. ओढली, फटफट.

कॅप काढली. आत प्लेटपासून बॉडीला अर्थिंगची एक वायर असते, दोन इंचांचीही नाही, वर सुती कापड विणलेलं. दिसायला धडधाकट. मल्टिमीटर लावला, शून्य दाखवलं, म्हणजे वायर जोडलेली. प्लेट बोटानं फिरवली तर आकडा वेड्यासारखा उड्या मारायला लागला. चिमट्यानं वायर हलकेच ताणली, तर कापड रबरासारखं लांब झालं. आतली तार तुटलेली होती. प्लेट जागेवर असली की तुटकी टोकं एकमेकांना टेकायची, फिरली की सुटायची. मग अर्थिंग मिळायचं ते प्लेटखालच्या वाळक्या ग्रीसमधून, कधी मिळायचं, कधी नाही; नाही मिळालं की ठिणगी नाही. म्हणून इंजिन बंद न पडता नुसतं गचके द्यायचं.

इथं साधी वायर चालत नाही. प्लेट दिवसभर हलते, जाड तारेची वायर चार महिन्यांत पुन्हा तुटणार. माझ्या जुन्या मल्टिमीटरची वायर कापली. तिच्यातल्या तारा केसासारख्या बारीक असतात. वरचं रबर सोलून काढलं, दोन्ही टोकं सोल्डर केली, पॉइंटच्या टर्मिनलला टेकू नये म्हणून सुती स्लीव्ह चढवली. प्लेटखालचं ग्रीस धुऊन नवं थेंबभर लावलं, नळी जागेवर बसवली.

ट्रायलला गुरुजी स्वतः बसले. सुरूर फाट्यावर गाडी वळवून पुन्हा वाईत आलो, तोवर ते एक शब्द बोलले नाहीत, नुसते कान देऊन ऐकत होते. उतरल्यावर विचारलं, "किती झाले?"

"वायरचे काय घेणार, गुरुजी? उलट कार्बोरेटरची मजुरी मीच तुम्हाला देणं लागतो."

त्यांनी नको म्हटलं. काकूंनी हात पुढे केला आणि पैसे मोजून पर्समध्ये टाकले.