दोन वाट्या साखर

कोथरूडच्या एका दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. श्रावणातल्या एका सकाळी अमृततुल्य चालवणारे एक दादा आले. वय ४६, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी. तीन महिन्यांची सरासरी रक्तातली साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी ६.१, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्यांनी प्रोबायोटिक, म्हणजे आतड्याला उपयोगी जंतूंच्या, कॅप्सूलची डबी टेबलावर ठेवली. मुलाने ऑनलाइन मागवली होती.

"मॅडम, ही घेतली की साखर बाधत नाही म्हणे. चहा काही सुटायचा नाही, धंदाच तो."

दिवसाचे कप विचारले. पातेलं उतरलं की चवीला थोडा, ओळखीचं गिऱ्हाईक आलं की सोबत एक. मोजत मोजत बारावर थांबले.

"चाळीस कपांना साखर किती घालता?"

"चारशे ग्रॅम."

हे अगदी तोंडपाठ. मी वजनकाटा पुढे केला, साखरेचा डबा त्यांच्याच हातात दिला. बारा कपांची काढा म्हटलं. ८० ग्रॅमलाच छोटी वाटी शिगोशीग भरली, उरलेली ४० दुसरीत. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५० ग्रॅमच्या आत राहा म्हणते, जमल्यास २५. दादा वाट्यांकडे बघत राहिले. "ही रोज?"

त्यांच्या डबीला मी नावं ठेवली नाहीत. २०२२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात उंदरांवर झालेलं काम मला फार मोलाचं वाटतं. साखरेमुळे आतड्यातले तंतूसारखे काही जंतू हटले, त्यांच्या जोरावर तयार होणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी घटल्या, उंदरांचं वजन वाढलं, इन्सुलिन नीट काम करेना. खाण्यात चरबी तेवढीच ठेवून नुसती साखर काढली, तर उंदीर यातून बचावले. पण ज्यांच्या पोटात ते जंतू होते तेच. माणसाचं आतडं वेगळं, तरी साखर चालू ठेवून जंतूंवर भिस्त टाकू नये, एवढं मी त्यातून घेतलं. शिवाय साखरेतलं निम्मं फ्रुक्टोज बरंचसं यकृतात जातं, जास्त झालं की तिथे त्याची चरबी होते.

हे सगळं दादांना कसं सांगायचं?

"दादा, उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागेल?"

"छे, मरतं ना ते! आधी दूध कोमट करावं लागतं."

बोलता बोलता ते थांबले, पुन्हा वाट्यांकडे बघितलं.

पुढच्या वेळी थर्मास घेऊन आले. बिनसाखरेचा, खास स्वतःसाठी केलेला. मलाही अर्धा कप दिला.

"आठ दिवस घशाखाली उतरत नव्हता," म्हणाले. "आता वेलची कळायला लागलीय."