तुम्ही विचारलंत म्हणून: तेव्हा पाऊस किती पडायचा?

"गाळातल्या परागकणांवरून ४,००० वर्षांपूर्वी किती मिलिमीटर पाऊस पडायचा, तेवढं सांगा ना." हे इतक्या वेळा विचारून झालंय की एकदाच लिहून टाकतो. परागकणाला पाऊस ठाऊक नसतो. तो कुठल्यातरी फुलातून सुटला, वाऱ्याने नाहीतर ओढ्याने तळ्यात आला आणि हवा न लागता गाळात गाडला गेला, म्हणून टिकला. बाकीचं सगळं आपण त्याच्या तोंडी घालतो.

तेही तो सुखरूप बाहेर आला तर. आधी १ घनसेंटिमीटर गाळात लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीच्या मोजलेल्या बीजाणूंची गोळी टाकायची (ती कशाला, ते पुढे येतं), मग १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, फेस पूर्ण थांबेपर्यंत. इथे घाई केली आणि चुना उरला, तर पुढे वाळू विरघळवायला हायड्रोफ्लोरिक ओतल्यावर कॅल्शियम फ्लोराइडचा साका बसतो आणि कण त्यातच अडकतात. शेवटी अॅसिटॉलिसिस, म्हणजे कणांभोवतीचा सेंद्रिय कचरा आम्लाने जाळणं: ९ भाग अॅसेटिक अॅनहायड्राइड, १ भाग सल्फ्युरिक. त्याआधी ग्लेशियल अॅसेटिकने (जवळपास पाणी नसलेल्या अॅसेटिक आम्लाने) नमुन्यातलं पाणी काढलं नसेल, तर मिश्रण उसळून अंगावर येतं.

खरी गोची मात्र मोजणीत. गवताचे कण ३० टक्क्यांवरून ६० वर गेले, म्हणजे दुष्काळ. असं मीही बेधडक म्हणायचो. आता हिशोब बघा. खालच्या थरात दर घनसेंटिमीटरला ४०,००० कण, त्यात गवताचे १२,०००. वरच्या थरात एकूण २०,०००, गवताचे पुन्हा १२,०००च. गवत एका कणानेही वाढलं नाही. झाडं २८,००० वरून ८,००० वर आली. ती पावसाअभावी गेली की कुऱ्हाडीने, हे टक्केवारी सांगत नाही. ही एकूण संख्या तरी कळते कशी? गोळीत किती बीजाणू आहेत ते बॅचवर छापलेलं असतं. गोळीत १८,००० असतील आणि स्लाइडवर ३०० परागकणांमागे १५० बीजाणू दिसले, तर मूळ नमुन्यात ३६,००० परागकण. गोळी विसरलात तर हातात फक्त टक्के. आणि गोळी टाकूनही, गाळ भराभर साचला असेल तर कण विरळ दिसतात. म्हणून गाळ किती वेगाने साचला ते कळायला थराच्या वरखाली रेडिओकार्बन तारखा (कार्बनवरून काढलेलं वय) हव्यात. त्यातून ते गवत माळावरचं की तळ्याच्या काठच्या बोरूचं, हे कण बघून सांगता येत नाही. दोन्ही गोल, एकाच छिद्राचे.

मग या कामाला अर्थ काय, असं लगेच म्हणू नका. राजस्थानातल्या सांभर, डिडवाना, लुणकरणसर या खाऱ्या तळ्यांच्या गाळावरून गुरदीप सिंग आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये तिथल्या ओल्या-कोरड्या काळांचा क्रम मांडला, तो परागकणांच्याच जोरावर. हडप्पा संस्कृतीचा ऱ्हास कोरड्या हवेमुळे, हा धागाही तिथूनच आला. १९९९ मध्ये लुणकरणसरच्याच गाळाच्या बारकाईने घेतलेल्या तारखांवरून दिसलं, की ते तळं हडप्पाची शहरं ओस पडण्याच्या हजाराहून जास्त वर्षं आधीच आटलं होतं. म्हणजे परागकण खोटे ठरले? नाही. चुकली होती ती सांगड. पण दरवेळी असंच म्हणून आम्ही सुटतो, हेही खरं.

म्हणून दुसरा साक्षीदार लागतो. लोणारच्या गाळात गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक मिळाले, ते पाणी आटून खार वाढल्याशिवाय बनत नाहीत. परागकण आणि स्फटिक एकाच थरात एकच बोलले, तर "कोरडं होतं" इतकं मी छातीठोक लिहीन. मिलिमीटर हवेच असतील, तर आज जिथला पाऊस मोजलेला आहे अशा ठिकाणांहून पृष्ठभागावरची माती आणि शेवाळ गोळा करून त्यातले कण मोजावे लागतात, आणि जुना थर त्यांच्याशी ताडून बघावा लागतो. मग आकडा निघतो. पण आजची रानं तोडलेली, चरलेली. सागाचं परागण कीटक करतात, त्यामुळे भर सागाच्या रानातल्या मातीतही त्याचे कण मोजकेच सापडतात. अशा मोजपट्टीने काढलेला आकडा तुम्हाला द्यायचा का, हे माझं अजून ठरत नाही.