कोहऱ्याचा अंदाज: सॅटेलाइट आणि आमची गच्ची

दादा रोज पहाटे साडेपाचला बाइकवर मुरैन्याला कामाला जातो, त्यामुळे थंडीत रात्री जेवताना आईचं एकच, उद्या कोहरा पडणार का गं? (आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मराठी घरातही धुकं कोणी म्हणत नाही, कोहराच.) मागच्या हिवाळ्यात ठरवलं की याचं उत्तर आपणच काढायचं.

इस्रोच्या मॉसडॅक वेबसाइटवर रजिस्टर करून इन्सॅट-३डीआर या हवामानाच्या सॅटेलाइटच्या फाइली उतरवल्या, दर अर्ध्या तासाची एक. कोहऱ्याचे बारीक थेंब ३.९ मायक्रॉन तरंगलांबीच्या इन्फ्रारेड चॅनेलमध्ये १०.८ मायक्रॉनच्या चॅनेलपेक्षा थंड दिसतात, म्हणून रात्री दोन्हीची तापमानं वजा केली की कोहरा वेगळा उठून दिसतो. वाचायला सोपं आहे पण माझे आठ दिवस गेले, कारण फाइलमध्ये तापमान नसतंच, नुसते काउंट, म्हणजे सेन्सरचे कच्चे आकडे असतात, ते त्याच फाइलमधल्या टेबलवरून तापमानात बदलायचे, आणि वेळ सगळी जीएमटी, म्हणजे ५ तारखेची २१०० ची फाइल ही आपली ६ तारखेची पहाटे अडीचची!

मग गच्चीवर दोन थर्मामीटर टांगले, एकाला ओल्या मलमलीची वात. दोघांतला फरक जितका कमी तितकी हवा दमट. आणि लांबचं किती दिसतं ते बघायला खुणा ठरवल्या, पाण्याची टाकी २०० मीटरवर, देवळाचं शिखर ५०० वर, त्यापलीकडे किल्ल्याची भिंत. टाकी गेली की दाट कोहरा, हवामान खात्याचीही दाट धुक्याची हद्द २०० मीटरचीच आहे.

एकदा नकाशावर ग्वाल्हेर ते धौलपूर सगळा कोहरा दिसला, मी दादाला थांबवलं. पाचला वर गेले तर थर्मामीटरांत तीन अंशांचा फरक, किल्ल्यावरचे दिवे स्वच्छ, वर नुसते कमी उंचीचे ढग. सॅटेलाइटला ढगाचा माथा दिसतो, तो जमिनीला टेकलाय का ते नाही दिसत. दादाचा त्या दिवसाचा अर्धा पगार गेला, मला फार वाईट वाटलं.

समुद्रावर तर अजून कठीण, तिथे दमट उबदार हवा थंड पाण्यावर सरकून धुकं होतं, वारा असला तरी टिकतं, आणि मोजायला गच्ची नाही, जहाज नाहीतर बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारं मोजणीचं यंत्र. आपल्याकडे मावठ्यानंतर आभाळ उघडलं आणि वारा पडला की कोहरा येणार समजायचं. पण सूर्य उगवताना ३.९ मध्ये ऊन मिसळतं आणि वजाबाकी बिघडते, नेमकं दादा रस्त्यात असतो तेव्हा, म्हणून गच्ची सोडून चालत नाही.

जानेवारीत मावठ्यानंतरच्या एका पहाटे नकाशात कोहरा, दोन्ही थर्मामीटर ७ वर, टाकी गायब. दादाला उठवलंच नाही. ऊन आल्यावर साध्या व्हिजिबल फोटोत पांढरा पट्टा कडेकडेने विरत आत येताना दिसला, साडेनऊला टाकी दिसली, दहाला किल्ल्याची भिंत, मग दादाने बाइक काढली.