आमची वाटचाल : सेल्स ऑफिसच्या मॉडेलपासून स्पर्धेच्या मॉडेलपर्यंत

आमचं काम आर्किटेक्चरल मॉडेल बनवायचं. सुरुवातीला सगळं बिल्डरांच्या सेल्स ऑफिससाठी, म्हणजे आतून लाइट लागणारी बिल्डिंग, स्पंजची झाडं, छोट्या गाड्या, आणि वर्कशॉप उभं राहिलं ते त्याच कामावर. मग एका तरुण आर्किटेक्ट जोडीने बिल्डिंगच्या डिझाइनसाठी घेतात त्या स्पर्धेतल्या एंट्रीसाठी मॉडेल मागितलं, पूर्ण पांढरं, झाडं नकोत, रंग नको, पण आजूबाजूची जमीन मात्र सगळी हवी. १:५०० स्केलला २ एमएम बोर्डचा एक थर म्हणजे जमिनीची १ मीटर उंची, असे थर चढवत गेलं की बिल्डिंग उतारावर बसलीये का नुसती आणून ठेवलीये ते लगेच कळतं, ड्रॉइंगमध्ये ते झाकलं जातं. तिथून आम्ही स्पर्धेच्या कामाकडे वळलो ते वळलोच.

खुली स्पर्धा, म्हणजे कुणीही डिझाइन पाठवू शकतं अशी, मला फार महत्त्वाची वाटते कारण टेंडरमध्ये आधी टर्नओव्हर विचारतात आणि नवीन ऑफिस तिथेच बाद होतं. दिल्लीच्या नॅशनल वॉर मेमोरियलसाठी जागतिक स्पर्धा घेतली आणि निवड झाली चेन्नईच्या योगेश चंद्रहासन यांच्या डिझाइनची.

आणि परदेशी जाणं-येणं नसतं तर आपलं मॉडर्न आर्किटेक्चर असं घडलंच नसतं. आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे आर्किटेक्ट अच्युत कानविंदे हार्वर्डला जर्मन आर्किटेक्ट वॉल्टर ग्रोपियसच्या हाताखाली शिकले, आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी पॅरिसला चंदीगड आखणाऱ्या ल कोर्बुझिएच्या ऑफिसात होते आणि पुढे अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान अहमदाबादच्या आयआयएमसाठी आले ते दोशींमुळेच. पण नुसतं तिकडचं इकडे आणून भागत नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं सभागृह बघा, १९७२ चं, डिझाइन राज रेवल यांचं, ते लंडनला शिकलेले, आणि स्ट्रक्चर महेंद्र राज यांचं. त्याचा सांगाडा स्पेस फ्रेमचा, म्हणजे दांडे सांध्यांत जोडून केलेल्या त्रिमितीय जाळीचा, ती एरवी स्टीलची करतात, आपल्याकडे तेव्हा स्टीलची टंचाई, म्हणून त्यांनी ती अख्खी काँक्रीटमध्ये केली, जागेवरच ओतून, मजुरांच्या हातांनी! २०१७ मध्ये ते पाडलं, मला अजून वाईट वाटतं.

सध्या विद्यार्थ्यांना दाखवायला त्याच्याच एका कोपऱ्याचं मॉडेल करतोय. सांध्यात इतक्या दिशांनी दांडे येतात की लेसर कटिंगने जमत नाही, साचा करून एकेक सांधा रेझिनमध्ये ओततोय. बाकी एंट्र्यांचं काम सुरूच असतं, नवीन ऑफिस असेल तर आम्ही अॅडव्हान्स घेत नाही, निकाल लागला की द्या म्हणतो.