सूर्यफुलं बघायला गेट पास

जळगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याने आवारातल्या मोकळ्या जागेत सूर्यफूल लावलंय आणि थंडीत फुलोरा असेपर्यंत लोकांना आत सोडतात, असं कळलं. घरात लगेच प्रश्न आला, "शेतात फुकट दिसतं त्याला पास कशाला?" पण आता आपल्याकडे सूर्यफूल लावतंय कोण? जिकडे बघावं तिकडे कापूस, नाहीतर केळी.

नोंदणी गेटवरच होते. प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार कार्ड दाखवायचं, रजिस्टरमध्ये नाव, मोबाइल आणि गाडीचा नंबर लिहायचा, मग पास मिळतो. रविवारी एकाच रजिस्टरपुढे सगळं गाव उभं असतं, त्यामुळे जमत असेल तर मधल्या वारी जा. दुसरं रजिस्टर ठेवायला काय हरकत आहे, कोण जाणे.

चप्पल चालत नाही, हे मात्र आधी कुणी सांगत नाही. अमळनेरची मावशी सोबत होती. सिक्युरिटीवाल्या भाऊंनी केबिनमधून काळे, जाडजूड सेफ्टी शूज काढून दिले. नऊवारीखाली ते बूट चढवून मावशी म्हणाली, "आते मशीनवर काम कराले जाऊ का रे भाऊ?" भाऊ हसले, पण पासवर शिक्का मारल्याशिवाय हलले नाहीत.

आत रस्त्यावर पिवळा पट्टा आहे, त्याच्या आतूनच चालायचं. शेडच्या बाजूला मोबाइल धरायचा नाही.

आणि शेताशी पोचलो तर सगळ्या फुलांची पाठ आमच्याकडे! हिरवे देठ, पाकळ्यांखालची केसाळ हिरवी पानं, बस. गेट पश्चिमेला आहे ना. बरेच जण तिथेच सेल्फी काढून, 'फुलं काही खास नाहीत' म्हणत परत फिरत होते. माळीदादांनी बांधाने पलीकडे जायला सांगितलं. पूर्वेच्या बाजूला गेलो आणि डोळे दिपले.

सूर्यफूल दिवसभर सूर्याबरोबर फिरतं, हे अर्धंच खरं. फिरतं ते कोवळं झाड. दिवसा खोडाची पूर्वेची बाजू जास्त वाढते, म्हणून शेंडा पश्चिमेकडे झुकतो. रात्री उलट वाढ होऊन तो परत पूर्वेला येतो. फूल उमललं की खोडाची वाढ थांबते आणि तोंड पूर्वेलाच राहतं. सकाळच्या उन्हात फूल लवकर तापतं, त्यामुळे मधमाश्याही जास्त येतात. त्या दिवशी नुसती गुणगुण चालली होती. म्हणून लहान मुलांना सांभाळा, आणि फोटो हवे असतील तर सकाळचीच वेळ घ्या. दुपारनंतर ऊन फुलांच्या पाठीमागून येतं.

एक फूल जवळून न्याहाळलं. मधली तबकडी म्हणजे शेकडो बारीक फुलं. कडेची आधी उमलतात, मग एकेक कडं आत सरकत जातं. बाहेरच्या कड्यावर पिवळी भुकटी, मध्यभागी अजून हिरवट कळ्या मिटलेल्या. मावशीने बोट लावलं तर बोट हळदीचं झालं.

फूल तोडू देत नाहीत. बियांचं काय करता, असं विचारलं तर माळीदादा म्हणाले, "पोपटांनी ठेवल्या तर सांगू."

बूट परत केल्यावरच पासवर बाहेर जाण्याची सही मिळते.